लाल आणि करडी

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. पण तो गेल्यावर आमचं सगळं भिंगार गाव त्याचं नाव घ्यायला लागलं, मग मीच काय कुणाचं घोडं मारलं होतं? गोरक्षनाथ. घरात गोरख. मिलिटरीत ड्रायव्हर होता आणि एकाहत्तरच्या लढाईत सीमेवर गाडीसकट गेला. अग्नीही तिकडेच दिला. आमच्याकडे एक पत्र्याची पेटी आली. तिच्यात कपडे, दाढीचं सामान आणि कमरेचा पट्टा होता.

मला काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू? शेजारच्या मालनबाई पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याशेजारी बसल्या होत्या, मी बेशुद्ध पडले की तोंडावर मारायला. मी पडले नाही. उठून चहाची भांडी घासली. बायका म्हणाल्या, पोरीनं काळजावर दगड ठेवला. दगड-बिगड काही नव्हता. मांडी घालून बसल्यावर पाय झोपतो, त्याला चिमटा काढला तर चिमटा काढलाय एवढं कळतं, तसं झालं होतं. तशीच मी पुढं स्वयंपाक करत राहिले, धुणं धुत राहिले, आणि लोक म्हणत राहिले की लंकाबाई मोठी धीराची.

नंतर एका समारंभात मला नारळ, लुगडं आणि शिलाईचं मशीन मिळालं. भाषणं झाली. एक जण म्हणाला, गोरक्षनाथ कर्तव्यात कधी चुकला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मशीन घरी आणून खिडकीखाली ठेवलं आणि त्याच्या लाकडी झाकणावर माशांच्या दोन बरण्या मांडल्या. शिवायला मी ते कधी उघडलं नाही. बरण्यांना मात्र जागा चांगली झाली, उजेड होता.

मासे गोरखचे. शेवटच्या रजेवर श्रावणात आला तेव्हा मुंबईच्या बाजारातून घेऊन आला होता. ज्या साहेबाची गाडी तो चालवायचा त्याच्या मेमसाहेबांना हा नाद होता, तो यालाही लागला. फायटर म्हणायचे त्या माशांना. तेव्हा ते बोटाच्या पेराएवढे होते, एक लालभडक आणि एक करडा. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, त्यानं कौतुकानं दाखवले तर त्या म्हणाल्या, "एवढुसं? एका घासाचंबी न्हाई हुयाचं."

"आये, खायाचं न्हाई. बघायचं असतंय," गोरख म्हणाला. "दोन नर एकत्र सोडलं तर एकमेकांचा जीव घेत्यात. म्हनून तर फायटर."

"मंग ह्ये दोन कसं आनलंस?"

"जोडी हाय की! हा लाल नर. शेपटी बघ कशी कोंबड्यावानी पडलीय. ही करडी, लांडी, ती मादी."

आमचे मामंजी, सहादेव, छावणीत एका बंगल्यावर माळीकाम करायचे. त्यांनी दोन्ही बरण्या उन्हात धरून बघितल्या आणि मान डोलवली. आमचं मूळ गाव पाथर्डीकडचं. तिकडं कोंबडा बघावा, मोर बघावा, जो सजलेला तो नर हे शेंबडं पोरही सांगेल. माशानं वेगळं वागायचं काही कारण कुणाला दिसलं नाही.

तरी गोरखनं एक सांगितलं होतं. मेमसाहेब म्हणायच्या, पक्की खूण पोटाखाली. मादी वयात आली की तिच्या पोटाखाली मोहरीच्या अर्ध्याएवढा पांढरा दाणा दिसतो. "आजून बारकी हाय ती. मोठी झाली की दिसंल," तो म्हणाला. मग जोडी कशी लावायची तेही त्यानं हौसेनं समजावलं. पसरट भांड्यात थोडंच पाणी घ्यायचं. नर आधी सोडायचा. तो तोंडानं बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचं घर करतो. मग मादी सोडायची. नर तिला थोडं हाणतो, घाबरायचं नाही. अंडी झाली की मादी उचलून घ्यायची, कारण अंडी-पिल्लं नरच सांभाळतो. तोवर दोघांच्या बरण्यांमध्ये पुठ्ठा उभा करून ठेवायचा, म्हणजे एकमेकांना बघून उगाच दमणार नाहीत.

"बाप सांभाळतो?" आत्याबाईंनी तोंडावर पदर घेतला. "अगं बाई! अन् आई काय करती?"

"आई बसती आरामात. तुझ्यावानी न्हाई."

दिवाळीला आलो की जोडी लावू, असं म्हणून तो गेला. दिवाळीच्या रजा बंद झाल्या, आणि पुढचं सांगितलंच.

आम्हाला मूल नव्हतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यातला बराचसा काळ तो घरीच नव्हता, पण सुनेच्या बाबतीत एवढा हिशोब कोण करतो? आत्याबाई मात्र मला टोचून बोलल्या नाहीत, खोटं बोलून पाप नको. तेराव्यानंतर एके दिवशी मामंजी बरण्यांपुढे उकिडवे बसले होते. ते म्हणाले, "ह्यांची जोडी लावायची राहिली."

आत्याबाई म्हणाल्या, "लावायची. पोराच्या हातचं हाय. त्याच्या मागं कायतरी वाढलं पायजे."

त्या दिवसापासून दोघांना धरायला काठी मिळाली. आत्याबाई पिल्लं वाटायला लागल्या. एक जोडी गोरखच्या मामाला, एक त्याच्या शाळेच्या मास्तरांना, एक मालनबाईंना. कोणाला लाल द्यायची, कोणाला करडी, यावर दोघे नवराबायको वाद घालायचे. घरात आवाज असायचा तेवढाच. मामंजी बंगल्याच्या हौदातून डासांच्या अळ्या बाटलीत भरून आणायचे, आणि मी त्या माशांना घालायची. पाणी बदलणं माझ्याकडे, बरण्या पुसणं माझ्याकडे, आणि दाणा बघणंही माझ्याकडे. सकाळी कामावर निघताना मामंजी वहाणा घालत विचारायचे, "दिसला का गं पोरी?"

"न्हाई," मी म्हणायची.

"दिसंल," ते म्हणायचे आणि जायचे.

बहात्तरचं साल. पाऊस आलाच नाही. नळाला पाणी कधी यायचं, कधी नुसती हवा यायची. हंड्यांच्या रांगेत बायका मला ऐकवायच्या, माणसाच्या घशाला कोरड आणि हिचे मासे पोहतात. मी म्हणायची, या, प्या त्यातलं. त्या गप्प बसायच्या, वीरपत्नी पडले ना मी. खरं तर त्या माशांना लागायचं ते तांब्याभर, तेही गढूळ चालायचं. पाण्यावर येऊन हवेचा घोट घ्यायचे आणि पुन्हा खाली जायचे. तशा पाण्यात दुसरा मासा कधीच मेला असता.

भाद्रपदात एका सकाळी करडीच्या बरणीत वर कडेला फेस दिसला. साबणाचा असेल म्हणून मी बोटानं पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा होता, बारीक, घट्ट, एकाला एक चिकटलेला. मी पुन्हा पुसला. मग एकदा बरणी उचलताना मधला पुठ्ठा पडला. लालनं करडीला बघितलं आणि गालफडं फुगवली, गळ्याखालून काळी दाढीसारखी झालर बाहेर काढली. हे मी आधीही बघितलं होतं, आरसा दाखवला की तो तसंच करायचा. पण समोर करडीनंही गालफडं फुगवली, आणि तिच्याही गळ्याखाली तशीच काळी दाढी आली.

मी बरणी वर धरून पोटाखाली बघितलं. दाणा नव्हता. तो येणारच नव्हता. दोन्ही नर होते.

मी पुठ्ठा जागेवर लावला आणि भाकरी थापायला बसले.

सांगितलं का नाही, असं आता कुणीही विचारेल. सांगायचं काय होतं? पिल्लं होणार नाहीत, एवढं एकच. ते सांगितलं की त्या दोघांकडे काय उरणार होतं, हे मला दिसत होतं. आणि सांगायचं तर म्हणावं लागणार, की तुमच्या मुलाची चूक झाली. त्या वर्षात गोरखची चूक होऊ शकत नव्हती. भिंतीवर त्याचा फोटो होता, फोटोला रोज हार होता, येणारा-जाणारा त्याला हात जोडायचा. घरात त्याच्याबद्दल बोलणं व्हायचं ते देवळात बोलल्यासारखं. माझ्यापाशी एवढी ताकद नव्हती, आणि खरं म्हणजे मला त्याचंही काही वाटत नव्हतं. मामंजी सकाळी विचारायचे, मी न्हाई म्हणायची. त्यात खोटं काहीच नव्हतं.

पण आत्याबाईंच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरत होतं. घरात माणूस गेलं की मंगलकार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर पुढं तीन वर्षं नाव काढायचं नाही, ही रीत. आणि हे मासे फार तर दोन-तीन वर्षं जगतात, हे गोरखच सांगून गेलेला. माशांच्या लग्नाला ही रीत लागते का, हे मी विचारलं नाही. मार्गशीर्षात वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दाना दिसू न्हाईतर ऱ्हाऊ. वरीस सरायच्या आत उरकायचं."

मामंजींनी बंगल्यावरून टाकून दिलेलं एनॅमलचं पसरट भांडं आणलं. टवके उडालेलं, पण आतून पांढरं. त्यांनी स्वतःच्या अंघोळीचं पाणी वाचवून ते भरलं, वर केळीच्या पानाचा तुकडा सोडला आणि लालला आत घातलं. लालनं पानाखाली फेस केला. मामंजींनी तो मला दाखवला, आत्याबाईंना दाखवला, गल्लीतून जाणाऱ्या दूधवाल्यालाही बोलावून दाखवला. लढाई झाल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्याबाईंनी भांड्याभोवती रांगोळी काढली आणि हळदकुंकवाचं ताट मांडलं. मी करडीची बरणी उचलायला गेले, तर त्यांनी माझ्या दंडाला हात लावून थांबवलं.

"तुजा हात नगं, लंके. वाईट वाटून घिऊ नगंस. शुभकार्य हाय."

"बरं," मी म्हणाले.

"मालनबाईला सांगितलंय म्या. सवाशीन हाय ती."

वर्षभर अळ्या घालणारा हात, फेस पुसणारा हात माझा, आणि सोडायला मालनबाई. मला वाईट वाटलं नाही. मी जाऊन आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. त्या सकाळी सांगून टाकायचं असं मी मनाशी धरलं होतं, आणि आता तर मला मागं उभं केलं होतं, म्हणून बोलायचंही राहिलं. ठरवून गप्प बसले नाही. नुसतं तोंड उघडलं नाही.

मालनबाई हातभर हिरव्या बांगड्या भरून आल्या. त्यांनी बरणीला हळदकुंकू लावलं, भांड्याला लावलं, आणि हसत हसत करडीला लालच्या पाण्यात ओतलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग लाल फुगला, करडी फुगली, आणि पाणी उसळलं.

"लागला बाई मागं!" मालनबाई खिदळल्या. "मिलिटरीवाल्याचा नवरदेव तो!"

"थोडं हानतो," मामंजी समजुतीनं म्हणाले. "गोरख म्हनला हुता. घाबरायचं न्हाई."

तिघे भांड्याभोवती बसून बघत होते. लालच्या शेपटीचा एक तुकडा सुटून पाण्यात तरंगायला लागला, फुलाची पाकळी पडावी तसा. त्यांना तो दिसला, पण कुणाला काही वाटलं नाही, गोरखनं सांगून ठेवलं होतं ना. करडीनं पुन्हा झडप घातली. मग दोघांनी एकमेकांचे जबडे पकडले आणि तसेच तळाला गेले. हलेनात. ना हा सोडी, ना तो.

आत्याबाईंनी हळूच मामंजींच्या गुडघ्याला हात लावला. "बघितलं का? मुका घेत्यात जनू," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी तो बघत राहिले.

तळाला दोन्ही मासे हवेवाचून घुसमटत होते आणि जबडे सोडत नव्हते. मी चौकट सोडली, रांगोळीवर पाय देऊन गेले आणि भांड्यात हात घातला.

"लंका! अगं, हात घातलास!" मालनबाई ओरडल्या.

मासे सुटेनात. मी दोघांना ओंजळीत धरून बोटानं वेगळं केलं. पाणी सांडलं, कुंकवाचं ताट कलंडलं. करडीला बरणीत टाकलं, पुठ्ठा मध्ये उभा केला. लाल भांड्यात एका कुशीवर पडून तोंड उघडझाप करत होता. त्याची शेपटी अर्धी उरली होती.

आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या. "काय केलंस ह्ये?"

"दोघंबी नर हायेत," मी म्हणाले.

"कुनी सांगितलं तुला?"

"रोज मीच बघती ना. दाना न्हाई, येनारबी न्हाई. करडी फेस करती. दाढी फुगवती. मारून टाकलं असतं एकमेकाला."

"पर गोरख म्हनला हुता..."

"त्यांचं चुकलं, आत्याबाई."

मालनबाईंनी आधी फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून निघून गेल्या. मामंजी भांड्याकडं बघत बसून होते. मला वाटलं आत्याबाई आता थोबाडीत देतील. देऊ देत, असंही वाटलं. पण तोंड एकदा उघडलं होतं, ते मिटेना.

"त्यांचं लई चुकायचं," मी म्हणाले. "माज्या मापाच्या म्हनून बांगड्या आनल्या, त्या कोपरापातूर गेल्या. तरी म्हनले, बसत्यात की. कोल्हारच्या भगवतीला जायाचं, तर 'मला समदं ठावं हाय' म्हनले अन् लई आधी, राहुरीतच खाली उतरवलं. पुढं कोल्हारपातूर उन्हाचं तंगडत गेलो. कुनाला विचारा म्हनलं तर विचारायचं न्हाई. कंदीच कुनाला विचारायचं न्हाई."

आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलले.

"कोंबड्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मढीच्या जत्रंतून पिलं आनली हुती त्यानं. बारका हुता. टोपलीभर. म्हनला, आये, समद्या माद्या हायेत, निवडून आनल्यात, आता अंडी इकू." त्या मामंजींकडं वळल्या. "आवं, आठवतंय का?"

"समदं कोंबडं निघालं," मामंजी भांड्यातून नजर न काढता म्हणाले. "येकबी मादी न्हाई. पहाटं समदं संगट आरवायचं. आख्खी आळी भांडायला आली हुती." त्यांना हसू फुटलं. खांदे हलायला लागले, आणि हलतच राहिले, आणि मग ते हसणं नव्हतं.

त्या वेळी मला गोरखचा राग आला. वर्षभरात मला काही वाटलं असेल तर ते हेच. बाजारात उभं राहून दोन मासे नीट बघून घेता येईनात याला! दुकानदाराला एक शब्द विचारला असता तर काय बिघडलं असतं? आता हे सगळं निस्तरायला मी, आणि त्याला बोलायचं तर बोलू कुठं? घरी असता तर कडाकडा भांडले असते. पाठ फिरवून झोपले असते. त्यानं म्हटलं असतं, चुकलं गं, एवढं काय त्यात. तो असं म्हणणार नव्हता. तो पुन्हा कधीच, कशातही चुकणार नव्हता.

"मंग पिल्लं न्हाई व्हायची?" आत्याबाईंनी विचारलं. बारीक आवाजात, लहान पोरीसारखं.

"न्हाई."

"दुसरी मादी आनली तर?"

"आनू की. पर ती त्यांच्या हातची न्हाई."

त्यांनी मान हलवली. माझा हात ओढून घेतला आणि पदरानं पुसायला लागल्या, एकेक बोट करून, खवले लागले होते ते काढत. पुसता पुसता त्या खाली बसल्या.

"गोरख गेला गं, लंके," त्या म्हणाल्या, मला ही बातमी आत्ता पहिल्यांदाच सांगावी तशा.

मी त्यांच्याजवळ सांडलेल्या पाण्यात बसले आणि ती ऐकली.